वर्गणी भरण्यापूर्वी : व्यायामशाळा कशी पाहावी

नव्या वर्षाच्या आरंभी, किंवा डॉक्टरांनी रक्तातील साखरेचा आकडा दाखवून चार शब्द सुनावल्यानंतर, जे गृहस्थ आणि ज्या गृहिणी मोठ्या निश्चयाने व्यायामशाळेची वाट धरतात, त्यांपैकी पुष्कळांचे जाणे-येणे दोन-तीन महिन्यांत थांबते, आणि मग त्याचे सारे खापर ती मंडळी स्वतःच्या आळसावर फोडतात. माझे मत याहून निराळे आहे. आळस मनुष्यमात्राच्या ठायी असतोच. परंतु कित्येकदा खरा दोष आळसाचा नसून निवडीचा असतो, कारण जी जागा आपल्या वयाला, प्रकृतीला, वेळेला आणि स्वभावाला मानवणारी नव्हती, ती केवळ भिंतीवरचे आरसे आणि दारावरची सवलतीची पाटी पाहून आपण पत्करलेली असते. भाड्याचे घर घेताना नळाला पाणी किती वाजता येते, जिन्यात उजेड आहे काय, शेजार कसा आहे, याची बारकाईने चौकशी करणारा मनुष्य व्यायामशाळेची वर्षभराची वर्गणी मात्र एका संध्याकाळी भरून टाकतो, ही गोष्ट मला नेहमीच खेदाची वाटत आली आहे. म्हणून सभासद होण्यापूर्वी पाहुणा म्हणून कसे जावे, काय पाहावे आणि कोणास काय विचारावे, याविषयी येथे काही सविस्तर सांगण्याचे योजिले आहे.

आपल्याकडे व्यायामाच्या जागा एकाच प्रकारच्या नाहीत. कोल्हापुरात गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा नामांकित तालमी आहेत. पुण्याच्या पेठांतून चिंचेची तालीम, खालकर तालीम ही नावे लोक पत्ता सांगतानासुद्धा घेतात. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत उभे केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली पुण्यात स्थापिलेले महाराष्ट्रीय मंडळ, दादरच्या शिवाजी पार्कातील समर्थ व्यायाम मंदिर यांसारख्या सार्वजनिक संस्था आहेत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यासारखे, म्हणजे १९०६ पासून चालत आलेले, सभासदांचे जिमखाने आहेत. महापालिकांचे तरण तलाव आणि क्रीडासंकुले आहेत. आणि गेल्या काही दशकांत प्रत्येक उपनगराच्या हमरस्त्यावर उभी राहिलेली खासगी जिम आहेच. या प्रत्येक ठिकाणचा शिरस्ता निराळा आणि पाहुण्याला मिळणारी वागणूकही निराळी. तथापि एक कसोटी मी सर्वत्र लावतो, आणि ती अशी, की त्या जागेतील सर्वांत नवखा, सर्वांत वयस्कर किंवा सर्वांत अशक्त मनुष्य शोधून काढावा आणि त्याच्याकडे कोण लक्ष देते, हे स्वस्थपणे पाहत राहावे. ज्याचे शरीर कमावलेले आहे त्याला कोठेही व्यायाम करता येतो. त्याच्याभोवती शिक्षकांचा घोळका असणे ही संस्थेची परीक्षा नव्हे. आपण तेथे जाणार ते बहुधा नवखे म्हणून, आणि म्हणून नवख्याचे तेथे काय होते एवढेच आपल्या कामाचे.

भेटीची वेळ ही पहिली महत्त्वाची बाब होय. ज्या वेळी आपण नित्य जाणार, नेमके त्याच वेळी पाहावयास जावे. दुपारी तीन वाजता कोणतीही व्यायामशाळा प्रशस्त, स्वच्छ आणि शांत दिसते. संध्याकाळी सात वाजता त्याच खोलीत एका बाकासाठी चार जण ताटकळत उभे असतात, पंख्याखालची जागा आधीच गेलेली असते आणि जो प्रशिक्षक दुपारी आपल्याशी अर्धा तास बोलला तो एकाच वेळी पंधरा जणांना सांभाळत असतो. खासगी जिमच्या कचेरीत दूरध्वनी केल्यास आपल्याला बहुधा दुपारची वेळ दिली जाते. अशा वेळी नम्रपणे, परंतु ठामपणे, आपली वेळ सांगावी. एका भेटीवर निर्णय करू नये. निदान दोन भेटी द्याव्यात, आणि त्यांतील एक सोमवारची असावी, कारण रविवारच्या विश्रांतीनंतर गर्दी त्या दिवशी उसळते. शक्य असल्यास एक भेट पावसाळ्यात द्यावी. छत कोठे गळते, भिंतीला ओल कोठे धरते, जमिनीवरील रबराच्या पट्ट्यांखाली पाणी साचून कुबट वास येतो काय, हे आषाढात जितके स्पष्ट कळते तितके माघात कळत नाही. अंतराचाही विचार येथेच करावा. जी जागा घर आणि कचेरी यांच्या वाटेवर आहे, किंवा पायी दहा-पंधरा मिनिटांत गाठता येते, ती साधी असली तरी उपयोगी पडते. शहराच्या दुसऱ्या टोकाची आलिशान जागा पहिल्या मुसळधार पावसाबरोबर सुटते.

आता तालमीविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण पांढरपेशा वाचकाला तिचा दरवाजा आपल्यासाठी बंद आहे असे उगाच वाटत असते. तालमीत पाहुणा म्हणून जाणे अवघड नाही. मात्र तेथली वहिवाट पाळली पाहिजे. पादत्राणे उंबऱ्याबाहेर काढावीत, आत मारुतीची मूर्ती असते तिला नमस्कार करावा, आणि इकडेतिकडे पाहत न बसता प्रथम वस्तादांना गाठून ‘वस्ताद, तालीम पाहायला आलोय, थोडा वेळ बसू का?’ असे विचारावे. हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, पाय ठेवू नये. जोर-बैठका काढणाऱ्याच्या अगदी पुढून जाऊ नये. कोपऱ्यातील मुदगलांच्या जोडीला, फिरवायच्या जड करेल्याला किंवा मानाने ठेवलेल्या गदेला विचारल्यावाचून हात लावू नये, आणि भ्रमणध्वनीवर छायाचित्रे तर परवानगीशिवाय घेऊच नयेत, कारण लंगोटावर मेहनत करणाऱ्या मुलांचाही संकोच आपण जपला पाहिजे. एवढे पथ्य पाळणाऱ्या माणसाला बसावयास जागा मिळते असाच माझा अनुभव आहे.

बसल्यावर पहिले लक्ष हौद्याकडे द्यावे. हौद्यातील माती नुसती जमिनीची माती नव्हे. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर अशा वस्तू घालून ती मुरवलेली असते, आणि चांगल्या तालमीत लढतीपूर्वी पठ्ठे स्वतः फावडे घेऊन ती खणतात, उलथतात आणि पुन्हा सपाट करतात. हे खणणे रोज होते किंवा नाही, यावरून त्या तालमीची शिस्त कळते. वस्तादांच्या अनुमतीने मूठभर माती हातात घेऊन दाबावी. तिचा गोळा व्हावा, पण बोट लावताच तो फुटावा, आत खडा लागू नये आणि वास आंबट-कुबट नसावा. जी माती कोरडी पडून टणक झाली आहे, तिच्यावर पाठीवर पडणाऱ्या मुलाचे खांदे आणि माकडहाड सुरक्षित राहत नाही. त्याचप्रमाणे गजकर्ण किंवा नायटा झालेल्या मुलाला बरा होईपर्यंत लढतीपासून दूर ठेवतात काय, लढतीनंतर आंघोळीला पुरेसे पाणी आहे काय, आणि प्रत्येकाचे पंचे-लंगोट स्वतंत्र आहेत काय, हे स्पष्ट विचारावे. अंगाला अंग लागणाऱ्या खेळात हा रोग फार लवकर पसरतो, आणि जो वस्ताद या प्रश्नावर रागावत नाही, उलट तपशीलवार सांगतो, तो आपले काम जाणतो असे खुशाल समजावे.

पुण्यातील एका जुन्या तालमीत मी पाहिलेला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. तेरा-चौदा वर्षांचा एक नवा मुलगा इतरांच्या बरोबरीने जोर काढू पाहत होता, आणि संख्या गाठण्याच्या घाईत त्याची कोपरे अर्धवटच वाकत होती. वयस्कर वस्ताद उठून त्याच्याजवळ आले, शेजारी उकिडवे बसले, स्वतःचा तळवा त्यांनी त्याच्या छातीखाली जमिनीवर उताणा ठेवला आणि म्हणाले, ‘पन्नास नकोत. दहाच काढ, पण दरवेळी छाती माझ्या हाताला लागली पाहिजे.’ दहा जोर पुरे होईपर्यंत तो तळवा तेथून हलला नाही. आणि तेवढा वेळ, मैदानी कुस्त्या मारणारा एक तयार पैलवान हातात जोडी घेऊन वस्तादांना काही विचारण्यासाठी शेजारी मुकाट्याने उभा होता. त्या तालमीत यंत्र एकही नव्हते, भिंतीचा गिलावा जागोजाग पडला होता. परंतु आपला मुलगा कोठे पाठवावा असे मला कोणी विचारले, तर मी त्याच तालमीचे नाव सांगतो.

अर्थात तालीम सर्वांना मानवेल असे मी म्हणणार नाही. गुडघे दुखणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने सपाट्या मारण्याच्या भरीस पडू नये, आणि रक्तदाबाच्या रुग्णाने दम कोंडून जड करेला फिरवू नये. स्त्रियांच्या बाबतीत तर प्रत्येक तालमीचा रिवाज वेगळा आहे. हौद्यात स्त्रियांना मज्जाव करणारी जुनी रूढी अनेक ठिकाणी मोडली आहे, मुली कुस्तीत पदके मिळवीत आहेत, तरी काही तालमींचे दार त्यांना अद्याप उघडलेले नाही. हा मज्जाव माझ्या मते समर्थनीय नाही. परंतु पाहुणी म्हणून जाणाऱ्या मुलीने किंवा तिच्या पालकांनी आधी निरोप पाठवून मुलींची वेळ, त्यांची कपडे बदलण्याची खोली आणि त्यांना शिकवणारी व्यक्ती यांची माहिती घ्यावी, म्हणजे उंबऱ्यावर मान खाली घालण्याची पाळी येत नाही.

मल्लखांब शिकवणाऱ्या व्यायाममंदिरांची पाहणी थोडी निराळी करावी लागते. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ज्या विद्येला नवे रूप दिले, तिची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ साली शिवाजी पार्कात भरली, आणि तेव्हापासून मुलांना मल्लखांबाला घालण्याची हौस पालकांत वाढलेली दिसते. पुरलेला खांब सागाचा किंवा शिसवाचा असावा, त्याच्या बोंडाला आणि मानेला चीर गेलेली नसावी, दोन्ही हातांनी जोर लावून ढकलला तर तो तसूभरही हलू नये, आणि भोवती गाद्या किंवा नुकतीच उकरलेली मऊ माती असावी. दोरीच्या मल्लखांबाला वरची कडी आणि दोरीचा पीळ तपासावा. यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे, नव्या मुलाला शिक्षक प्रथम वर चढणे शिकवतो की खाली उतरणे, ते पाहावे. जो उतरणे आधी शिकवतो त्याच्या हाती मूल निर्धास्त सोपवावे.

खासगी जिमकडे वळताना पहिल्यानेच सांगितले पाहिजे, की यंत्रांची संख्या ही तेथली सर्वांत कमी महत्त्वाची बाब आहे. वीस ट्रेडमिल असून आठ बंद असतील, तर त्या वीस असल्याचा उपयोग काय? म्हणून संख्या न मोजता स्थिती पाहावी. प्रत्येक ट्रेडमिलला आणीबाणीत थांबवण्यासाठी एक दोरी असते. तिचा चिमटा कपड्याला लावून ओढल्यावर पट्टा खरोखर थांबतो काय, हे प्रत्यक्ष करून दाखवावयास सांगावे, आणि त्या यंत्राच्या मागे भिंत किंवा दुसरे यंत्र अगदी लगत नसून सुमारे दोन मीटर मोकळी जागा आहे याची खात्री करावी, कारण घसरलेला मनुष्य मागेच फेकला जातो. पुलीच्या तारेवरचे आवरण फाटून आतले तंतू दिसत असतील, तर ती तार केव्हा बदलणार, हे विचारावे. बाकांचे नट सैल नसावेत. वजनाच्या दांड्याला दोन्ही टोकांना लावायचे चिमटे पुरेसे असावेत. ते नेहमी हरवलेले असतात, आणि नवखा मनुष्य चिमट्यावाचून दांडा उचलतो तेव्हा एका बाजूची वजने घसरून दुसरी बाजू उसळते. प्रमाणित लांब दांडा स्वतःच २० किलोचा असतो आणि स्त्रियांच्या स्पर्धेतला १५ किलोचा, ही गोष्ट नवख्याला कोणी सांगितली आहे काय, हे एखाद्या नव्या सभासदाला हळूच विचारून पाहावे. पुष्कळांना वाटते, की आपण पाच-पाच किलोच्या चकत्या लावल्या म्हणजे दहाच किलो उचलले.

कित्येक जिम तळघरात किंवा वरच्या मजल्यावर असतात, आणि वर जाण्यास एकच अरुंद जिना असतो. तेथे गेल्यावर दुसरा मार्ग कोठे आहे, हे स्वतः चालत जाऊन पाहावे. त्या दारापुढे जुनी यंत्रे रचून ठेवली असतील किंवा त्यास कुलूप असेल, तर त्या जागेचे अन्य गुण मोजण्याचे कारण उरत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा ज्या इमारतींना लागू आहे, तेथील मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून तपासणी करवून दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला सादर करावयाचा असतो. तो दाखला मागण्यात संकोच बाळगू नये. हवेची परीक्षा तर आणखी सोपी आहे: गर्दीच्या वेळी आत वीस मिनिटे नुसते उभे राहावे, आणि डोके जड वाटू लागले तर ती खोली बंदिस्त आहे असे निश्चित समजावे.

प्रशिक्षकाविषयी माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. आपण पाहुणे म्हणून एक दिवसाचा व्यायाम मागितल्यावर तो आपल्याला प्रथम वजन हाती देतो, की प्रथम विचारतो? रक्तदाब, मधुमेह, छातीत दुखणे, चक्कर, जुनी दुखापत, शस्त्रक्रिया, चालू औषधे, स्त्रियांच्या बाबतीत गरोदरपण किंवा नुकतीच झालेली प्रसूती, यांची चौकशी ज्याने केली नाही, त्याचे दंड कितीही भरदार असोत, त्याच्या हाती आपले शरीर देऊ नये. शारीरिक शिक्षणाची पदवी किंवा मान्य अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र विचारावेच. पण कागदाइतकेच त्याचे डोळे कोठे आहेत, हेही पाहावे. व्यायाम करणाऱ्यावर आहेत, आरशातील स्वतःच्या प्रतिबिंबावर आहेत, की हातातील भ्रमणध्वनीवर? आणि पहिल्याच भेटीत जर तो प्रथिनांच्या भुकटीचा डबा पुढे करू लागला, तर त्या डब्यावर खाद्यसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक आहे काय, एवढे पाहून डबा परत करावा. डाळ, उसळ, दूध, अंडी खाणाऱ्या सामान्य व्यायामीला पहिल्या महिन्यात त्याची गरज नसते. ताकद वाढवण्याची सुई किंवा गोळी यांचा उच्चार जरी त्या जागेत कानावर आला, तरी तेथून उठावे आणि पुन्हा तेथे जाऊ नये. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास कायद्याने बंदी आहे, ती तरुण मुलांच्या हृदयाची आणि यकृताची कायमची हानी करू शकतात, आणि याबाबत सौम्य भाषा वापरणे मला शक्य नाही.

तरण तलावाची पाहणी सर्वांत अधिक दक्षतेने करावी, कारण अन्यत्र निष्काळजीपणाचे फळ दुखापत असते, येथे ते मृत्यू असू शकते. महापालिकांच्या तलावांत साधारणतः पाऊण तासाच्या पाळ्या असतात, वैद्यकीय दाखला मागितला जातो, आणि पोहण्याचा विशिष्ट पोषाख व टोपी सक्तीची असते. या गोष्टींचा राग मानू नये, त्या आपल्याच हिताच्या आहेत. कित्येक तलाव ठेकेदाराकडे चालवावयास दिलेले असतात, म्हणून फाटकावरील दरपत्रकावर महापालिकेचा ठरलेला दर आणि प्रत्यक्ष मागितलेला दर एकच आहे काय, हे ताडून पाहावे. पाहुण्याला एका पाळीचे तिकीट मिळत असेल तर तेच घ्यावे. न मिळाल्यास प्रेक्षकांच्या सज्जातून एक संपूर्ण पाळी पाहावी.

पाण्याजवळ गेल्यावर सर्वांत खोल टोकाशी उभे राहून तळाची जाळी दिसते काय, हे पाहावे. तिच्या पट्ट्या स्पष्ट मोजता आल्या पाहिजेत. तळ धूसर दिसत असेल तर पाणी कितीही निळे असो, त्यात उतरू नये. बुडालेला मनुष्य तशा पाण्यात जीवरक्षकाच्या दृष्टीस पडत नाही. ती जाळी फुटलेली किंवा निखळलेली असता कामा नये, कारण पंपाच्या ओढीत लहान मुलांचे केस आणि बोटे तिच्यात अडकतात. नाकाला झोंबणारा वास आला, की क्लोरीन भरपूर आहे आणि पाणी शुद्ध आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती उलट आहे. घाम, मूत्र आणि अंगावरचे तेल यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जी संयुगे बनतात, त्यांचा तो वास असतो, आणि डोळे चुरचुरतात तेही त्यांच्यामुळेच. पाण्यात मुक्त क्लोरीन दर लिटरला सुमारे १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा, आणि ही मोजणी दिवसातून अनेकदा करून फलकावर किंवा नोंदवहीत लिहिली जावी. नोंदवही पाहावयास मागावी. सात दिवसांचे आकडे एकाच शाईने, एकाच हाताने आणि एकाच बैठकीत लिहिलेले दिसले, तर त्याचा अर्थ वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही. शंका असल्यास औषधांच्या किंवा रसायनांच्या दुकानात मिळणारी चाचणीपट्टी खिशातून न्यावी. पाण्यात क्षणभर बुडवून तिचा रंग वेष्टनावरील रंगाशी जुळवून पाहण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

जीवरक्षक किती आहेत, यापेक्षा ते काय करीत आहेत हे महत्त्वाचे. एक जण जरी पाण्याकडे तोंड करून, उंच जागी, अखंड नजर ठेवून बसला असेल, तर तो गप्पा मारणाऱ्या तिघांहून अधिक मोलाचा आहे. जो जीवरक्षकच शिकवण्याचे वर्ग घेतो, तो शिकवताना जीवरक्षक राहत नाही. दोन्ही कामे एकाच माणसाकडे असतील तर तशी हरकत लेखी नोंदवावी. खोलीचे आकडे काठावर ठळक असावेत, उथळ बाजूला सूर मारण्यास मनाई असावी आणि ती प्रत्यक्षात पाळली जावी, कारण उथळ पाण्यात डोके आपटून मानेचा मणका मोडलेली मुले आयुष्यभर उठत नाहीत. उतरण्यापूर्वी स्नानाची सक्ती आहे काय, हेही पाहावे. एप्रिल-मे महिन्यांत शाळांना सुट्टी लागल्यावर याच तलावांवर झुंबड उडते. म्हणून मुलाला पोहणे शिकवायचे असल्यास ही पाहणी फेब्रुवारीत उरकून घ्यावी.

जिमखान्यांविषयी थोडकेच सांगावेसे वाटते. तेथे पाहुणा हा नेहमी कोणा सभासदाचा पाहुणा असतो. सभासद सोबत असावा लागतो, नोंदवहीत त्याची सही लागते, पाहुण्याचे शुल्क निराळे असते आणि एका पाहुण्याला महिन्यातून किती वेळा यावयाचे यास मर्यादा असते. आपल्या वर्तनाचा जाब त्या सभासदाला द्यावा लागतो, हे ध्यानी ठेवून तेथील पोषाखाचे नियम आधी विचारून घ्यावेत. आपण दुसऱ्या शहरातील एखाद्या संस्थेचे सभासद असल्यास तिचा या जिमखान्याशी परस्पर करार आहे काय, याची चौकशी करावी. असल्यास ओळखपत्र आणि सचिवांचे पत्र नेल्याने काम होते.

वृद्ध वाचकांनी एक विशेष पाहणी करावी. प्रसाधनगृहात आधाराचा दांडा आहे काय, फरशी ओली असताना घसरते काय, तलावात उतरण्यास लोखंडी शिडीशिवाय पायऱ्या आहेत काय, आणि कोणी छातीत कळ येऊन बेशुद्ध पडला आणि त्याचा श्वास थांबला तर काय करावयाचे ते तेथील कर्मचाऱ्यांस ठाऊक आहे काय? हा शेवटचा प्रश्न सरळ विचारावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत छाती दाबत राहावे, एवढे तरी उत्तर तेथील दोन माणसांनी न अडखळता दिले पाहिजे. छाती दाबण्याचे प्रशिक्षण कोणी घेतले आहे आणि केव्हा घेतले आहे, हे विचारण्याचा हक्क वर्गणी देणाऱ्याला आहे.

शेवटी पैशाचा व्यवहार. जी संस्था दर कागदावर देत नाही, ‘आज भरले तरच ही सवलत’ अशी घाई करते, किंवा पावतीऐवजी भ्रमणध्वनीवरील संदेशावर भागवते, तिच्याकडे वर्षाची रक्कम अडकवू नये. करारनाम्यात चार बाबी स्पष्ट असाव्यात: आजारपणात किंवा परगावी गेल्यास मुदत पुढे ढकलता येते काय, सभासदत्व दुसऱ्याच्या नावे करता येते काय, मधेच सोडल्यास किती रक्कम परत मिळते, आणि जागा बंद पडली किंवा हलली तर काय? वार्षिक रक्कम घेऊन एक जिम रातोरात कुलूप लावून गेल्यावर तिच्या दारात हताश उभे असलेले सभासद मी पाहिले आहेत. त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे पावत्या होत्या त्यांनाच तक्रार रुजू करता आली. जिमच्या सेवेवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पावतीवर जुना दर लावलेला नाही, हेही तपासावे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीबद्दल आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क पडत नाही; त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी, कारण पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात.

एवढे सगळे पाहून मन मान्य करीत असेल, तर पहिली वर्गणी एक महिन्याची भरा, फार तर तीन महिन्यांची, आणि पावती त्याच दिवशी हातात घ्या.